खांबापाशीचा दिवा

"तू गेलास तर डबी कोण फिरवणार? मी, का आईला बोलवू?"

"कुणालापण बोलव. मी काय जन्मभराचा ठेका घेतलाय?"

"साहेब येऊन बघून जाऊ देत, मग कुठे उलथायचं तिथे उलथ. आता उजवीकडे एक चौकोन."

"साहेब मागच्या महिन्यातपण येणार होते."

"उजवीकडे म्हटलं, ठिणग्या. ते डावं आहे."

आमची भांडणं अशीच व्हायची, एकमेकांचं तोंड न बघता. ताई पत्र्यांच्या पलीकडे फळ्यासमोर बसलेली, मी अलीकडे रिकाम्या हॉलमध्ये उभा, आणि मध्ये माणसाच्या उंचीचे पत्रे, एकामागे एक. ती ओरडायची, मी ओरडायचो, आणि त्यातच कामही चालायचं. ठिणग्या हे काही माझं खरं नाव नाही, पण घरात मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. मी लवकर पेटतो म्हणून.

शाळा मी नववीत सोडली. का, ते सांगत बसत नाही. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्याशी माझं वाजलंय. मला मामाच्या गॅरेजात जायचं होतं. मामा दुसऱ्या शहरात असतो. बिघडलेलं इंजिन सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी ते सुरू झालेलं ऐकायचं, एवढंच मला पाहिजे होतं. मामा म्हणाला होता, ये कधीपण, एक खाट रिकामी आहे. पण आई म्हणाली, आधी ताईचं मार्गी लागू दे. आणि ताईचं काही मार्गी लागेना, कारण माझ्याशिवाय ते चालतच नव्हतं. कसं ते सांगतो.

हॉल म्हणजे बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याचं गोदाम. ताईच्या कंपनीने घेतलेलं. उंच खिडक्या, मधोमध एकच जाड खांब, खाली सिमेंटची जमीन. हवा दमट असली की भिंतीतून अजून भाजलेल्या साखरेचा वास येतो. सुरुवातीला छान वाटला, नंतर त्याने डोकं उठायला लागलं. जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखलेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जेवढे चौकोन जमिनीवर, तेवढेच बारके दिवे ताईसमोरच्या फळ्यावर. शाळेतला फळा सुटला आणि हा गळ्यात पडला.

माझं काम सोपं. साबणाच्या डबीएवढी एक डबी गळ्यात अडकवायची, बटण दाबायचं आणि चौकोनाचौकोनातून फिरायचं. डबीतून लहरी निघतात, फोनमधून निघतात तशाच. मी ज्या चौकोनात, फळ्यावरचा तोच दिवा लागला पाहिजे.

"यात काय मोठं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मोठं हे, की मधे कॉम्प्युटर नाही," ताई म्हणाली. "फोन कुठून बोलतोय हे शोधायचं तर आधी लहर पकडा, तिचे आकडे करा, मग त्या आकड्यांचा हिशोब करा. केवढा द्राविडी प्राणायाम. लहर इकडे येतेच आहे ना? मग येता येताच तिच्याकडून हिशोब करून घ्यायचा."

तो हिशोब पत्रे करतात. म्हणजे करत काहीच नाहीत, नुसते उभे असतात. प्रत्येक पत्र्यावर तांब्याचे नखाएवढे तुकडे, प्रत्येकाचा आकार वेगळा. लहर पहिल्या पत्र्यातून जाताना थोडी वळते, दुसऱ्यातून आणखी थोडी, आणि शेवटच्यातून बाहेर पडते तेव्हा एका जागी गोळा झालेली असते. पाण्याच्या ग्लासातून ऊन जाऊन टेबलावर ठिपका पडतो ना, तसं. तो ठिपका ज्या दिव्यावर पडला तो लागतो. लहर पोचली की उत्तर तयार. आत काही साठत नाही. ताईला याचा फार अभिमान. "याला डोकं नाही आणि आठवण नाही," ती आल्यागेल्याला सांगायची, "म्हणून तर एवढं झटपट."

घोळ झाला तो मोजमापात. तांबं कापायच्या आधी हॉलचं माप घ्यावं लागतं, कुठल्या चौकोनातून लहर कशी येते त्याचं. खरं तर डबी लाकडी तिवईवर ठेवायची आणि माणसाने बाहेर जायचं. पण दर चौकोनाला तिवई हलवा, बाहेर जा, दार लावा, परत या. ताईला घाई होती आणि मला कंटाळा. "तूच उभा राहा रे डबी घेऊन, पटकन होईल," ती म्हणाली. मी प्रत्येक चौकोनात उभा राहिलो. मोकळ्या हॉलचं माप आम्ही कधी घेतलंच नाही.

ते उघडं पडलं पत्रेवाल्या काकांमुळे. तांब्याचे पत्रे छापून आणतात ते. चष्मा कायम कपाळावर आणि कायम त्याच्याच शोधात. एकदा मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, तर काकांनी गंमत म्हणून डबी गळ्यात घातली आणि फिरायला लागले. फळ्यावर नुसता गोंधळ. दिवे वाटेल तिथे लागत होते. मी आत येऊन कोपऱ्यात उभा राहिलो, नुसता, खिशात हात घालून, आणि काकांच्या चौकोनाचा दिवा स्वच्छ लागला. मी बाहेर गेलो, गोंधळ. आत आलो, स्वच्छ.

ताई उठून पत्र्यांपाशी गेली. मग म्हणाली, "माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. लहर त्याच्यावर आपटते, वळते. आपण सगळं माप हा आत असताना घेतलंय."

"म्हणजे हॉलबरोबर पोरगंपण छापलं गेलं," काका म्हणाले. "भावाचा फोटो काढलास की तू तांब्यावर. तोपण सगळ्या बाजूंनी."

आम्ही हसलो. ताई कमी हसली. नवे पत्रे करायला वेळ नव्हता, आणि कंपनीच्या साहेबांना पटलं नाही तर हॉलला कुलूप, ताईची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मग ठरलं, साहेब बघून जाईपर्यंत ठिणग्याने हॉल सोडायचा नाही. कुणाला विचारून ठरलं ते विचारू नका. मामाची खाट तशीच रिकामी.

त्यानंतरचे दिवस मला एकासारखे एक आठवतात. चालायचं, थांबायचं, चालायचं. ताईचं ओरडणं ऐकून कान किटले म्हणून मी तिच्या मागच्या भिंतीवर काकांच्या जुन्या स्कूटरचा आरसा लावला, म्हणजे पत्र्यांच्या कडेने मलापण फळा दिसेल. ताईला मात्र मी दिसायचोच नाही, दिसायचा तो दिवा. "दमलास का? मंद झालायस," म्हणायची, दिव्याला. "असाच थांब, छान," तेपण दिव्यालाच. मी चहा घेऊन तिच्याशेजारी उभा राहिलो तरी कप घेताना नजर फळ्यावर. संध्याकाळी घरी गेलो की आई दार उघडायची, वर न बघताच "आलास?" म्हणायची आणि आत वळायची. जेवायचं, झोपायचं. सकाळी उठलं की पाय दुखत असायचे.

तर ते सुरुवातीचं भांडण. त्या दिवशी मी डबी गळ्यातून ओढून काढली, नुकत्याच आलेल्या काकांच्या हातात कोंबली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. होऊ दे गोंधळ म्हटलं. बघू दे मी नसलो की काय होतं ते.

आतून ताईचा आवाज येत होता. "काका, पुढे. आणखी पुढे. छान." मग जरा वेळाने, नेहमीच्या चिडक्या सुरात, "तू हलू नकोस रे. तिथेच थांब."

मी बाहेरूनच म्हटलं, "कोण हलतंय?"

ऐकू गेलं नसावं. मी उठून आत गेलो. फळा स्वच्छ होता. काका भिंतीशी होते, भिंतीशेजारचा दिवा लागलेला. आणि दुसरा एक, मंद, खांबापाशी.

ताईने मान वळवून मला बघितलं. मग फळ्याकडे. मग परत मला.

"तू बाहेर कधी गेलास?"

"अर्धा तास झाला असेल. भांडून गेलो ना."

ती खुर्चीत मागे टेकली आणि हळूच हसायला लागली. आनंदाने. "अरे, तू नसतानाही चालतंय," ती म्हणाली. "हवेत लहरी असतातच, कुठल्या तरी टॉवरच्या. पत्र्यांना तुझी छाप माहीत आहे, ते ती भरून काढतायत. सुटलास बघ तू."

"आणि तो खांबापाशीचा?"

"तीच तुझी छाप."

डोकं नाही, आठवण नाही, मग छाप कशी भरून काढतील, हे मी विचारलं नाही. सुटलास म्हणाली होती ना. मला तेवढंच ऐकू आलं. पण दुसऱ्या दिवशी तिने शब्द फिरवला. नीट खात्री होईपर्यंत थांब म्हणाली. मी थांबलो.

बाहेरच थांबायचं होतं आता. काका फिरायचे, ताई ओरडायची, मी दारात बसून आरशातून फळा बघायचो. त्यामुळे मला दिसलं.

मंद दिवा एका जागी नसायचा.

फिरायचा. चौकोनातून चौकोनात, हळूहळू. एका ठिकाणी जमिनीला भेग आहे आणि तो चौकोन मी कायम ओलांडून जातो. दिव्यानेही ओलांडला. खांबापाशी आला की मी डावा हात खांबावर ठेवून जरा टेकतो. दिवा तिथे टेकल्यासारखा थांबला. मग टोकाच्या खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ राहिला. त्या खिडकीतून पलीकडचं टायरचं दुकान दिसतं. मी रोज तिथे उभा राहून बघायचो, चाकं काढतात ते.

"ताई, तो चालतोय."

"टॉवरची लहर कमीजास्त होते, म्हणून सरकतो."

"माझ्यासारखा चालतोय."

"मग काय माझ्यासारखा चालेल?" ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. अशी माझ्याशी ती फार दिवसांत बोलली नव्हती. बोलताना ती फळ्याकडेच बघत होती.

काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आरशात बघितलं आणि परत कपाळावर ठेवला. "मी छापतो ते नुसतं तांबं आहे रे बाबा," ते म्हणाले. त्या दिवसापासून मात्र खांबाच्या बाजूला जायची वेळ आली की त्यांना स्वतःच्या दुकानातलं काम आठवायचं.

माझे पाय वाईट दुखायला लागले. दिवसभर बसून असायचो दारात, तरी घरी जाताना पोटऱ्या भरून आलेल्या. आई तेल देऊन म्हणाली, "किती चालवते रे ती तुला." मी म्हटलं, मी चालतच नाही हल्ली. तिला ते तिरकं बोलणं वाटलं.

एकदा ताई कंपनीत गेली होती, काका आले नव्हते. भर दुपार, खिडक्यांतून ऊन आलेलं, जमिनीवरचे चौकोन लख्ख. मी आरशात बघितलं. मंद दिवा खिडकीपाशी होता. आता तो मंद राहिला नव्हता खरं तर. मी डबी गळ्यात अडकवली आणि सरळ त्या चौकोनाकडे चालत गेलो. तिथे काही नव्हतं. खिडकी, धूळ, पलीकडे टायरचं दुकान. मी त्याच चौकोनात उभा राहिलो आणि वळून आरशात बघितलं.

फळा पूर्ण विझला होता.

बरं वाटलं मला. एकदम हलकं. म्हटलं, मीच आहे, दुसरं कुणी नाही, मी आलो की तो जातो. मग गळ्यातल्या डबीचं बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

परत दाबलं. डबीवरची लाल खूण पेटलेली, म्हणजे ती चालू होती. मी एक चौकोन पुढे गेलो, दोन चौकोन बाजूला, हॉलच्या मधोमध. फळा काळाच. मी हात हलवले, उड्या मारल्या. मग दमून थांबलो, आणि मी थांबल्यावर दिवा लागला. खांबापाशी. मी खांबापाशी नव्हतो.

संध्याकाळी काकांनी तीच डबी घालून बघितली. त्यांचा दिवा जिथल्या तिथे, स्वच्छ.

"ताई, मला सोड आता," मी म्हणालो. भांडलो नाही. भांडायची ताकदच नव्हती.

"उद्या साहेब येतायत. उद्याचा दिवस." आणि मग फळ्याकडे बघून, "उद्या नीट वाग हं."

साहेब आले. उंच, शांत माणूस, बूट दारात काढून ठेवणारा. ताईने सगळं समजावलं, तेच, डोकं नाही आणि आठवण नाही. ते म्हणाले, मी स्वतः फिरून बघतो. डबी त्यांनी गळ्यात घातली आणि चालायला लागले, आणि एकही दिवा चुकला नाही. ताईच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. मी तिच्या पाठीमागेच होतो, चहाचा ट्रे घेऊन, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतका जवळ.

साहेब खांबापाशी आले तेव्हा त्यांनी खांदा तिरका केला, अरुंद जागेतून कुणाच्या शेजारून जाताना करतात तसा, आणि पुढे गेले. तिथे मोकळी जागा होती.

परत आल्यावर त्यांनी ताईशी हात मिळवला. "मापं घ्यायला तुमच्या भावाने फार मदत केली म्हणे. कुठेय तो?"

"तो काय, खांबापाशी," ताई म्हणाली.

साहेबांनी फळ्यावरच्या दिव्याकडे बघितलं आणि ओळख झाल्यासारखी मान हलवली.

मी ट्रे पुढे केला, कप वाजले. ताईने मागे न बघता एक कप उचलून साहेबांना दिला, दुसरा स्वतः घेतला. तिसरा तिने फळ्याखालच्या टेबलावर ठेवला, दिव्यांच्या समोर.

ते गेल्यावर मी म्हणालो, "झालं ना तुझं. मी निघतो मामाकडे. आज."

मला वाटलं ती वळेल. दोन शब्द बोलेल, शिव्या देईल, पाठीत धपाटा घालेल. इतके दिवस मी या एका वाक्यासाठी तिच्याशी भांडत होतो.

"जा की," ती म्हणाली. "तुला कोण अडवतंय?" मग दिव्याकडे बघून, हसत, "तू असाच थांब रे जरा, आवरते मी."

बाहेर आलो. पाय अजिबात दुखत नव्हते.

घरी जाऊन पिशवी भरून आणली. आई शेजारी गेली होती, तिला मामाकडे पोचल्यावर कळवू म्हटलं. आता इथे टायरच्या दुकानाच्या ओट्यावर बसलोय, हॉलच्या समोर. बस इथेच थांबते, पण यायला वेळ आहे. पत्र्यांच्या मधे घालायचे तपकिरी कागद काकांनी टाकून दिले होते, त्यावर लिहितोय, कारण हे सांगायला कुणी नाही. काका ऐकणार नाहीत.

उजेड आहे अजून. हॉलचं दार आत्ता उघडलं.

ताई बाहेर आली. कुलूप तिच्या हातात होतं, पण तिने दार लगेच ओढलं नाही. हाताने धरून ठेवलं, उघडं, मागून कुणी येत असलं की धरतात तसं. मग सोडलं. कुलूप लावलं.

हाक मारणार होतो. पण ती माझ्याकडे बघून काय म्हणेल याची खात्री वाटेना, म्हणून नाही मारली.

ताई नेहमी भरभर चालते. मीच मागे रेंगाळतो, इथे बघ, तिथे थांब, आणि ती चिडते. आज ती सावकाश चालतेय. माझ्या समोरून, पलीकडच्या फुटपाथने. दुकानासमोर आली आणि थांबली. इथे तिला काही बघायचं नसतं. चाकं काढणारा पोरगा एक चाक काढून होईपर्यंत ती तिथे उभी राहिली, इकडे न बघता, शेजारी बघत, आणि मग म्हणाली, "चल आता. आई वाट बघत असेल."

मोठ्या रस्त्याने गेली. बस समोर येऊन उभी आहे. ती राहू दे.

आई दार उघडते तेव्हा वर बघत नाही, नुसतं "आलास?" म्हणते. गल्लीतून पळत गेलो तर त्या दोघांच्या आधी पोचेन. मला निघायला हवं.